इंजिनाचा ठोका

‘जोंगा’ या लष्करी वाहनाच्या नावात जबलपूर शहराचे नाव दडलेले आहे. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ते तयार झाले. जबलपूरचा तोफगाडी कारखाना १९०४ मधला. तेथे १९५९ पासून ‘शक्तिमान’ ट्रक बांधले जाऊ लागले आणि १९६९ मध्ये वाहनांसाठी स्वतंत्र कारखाना उभा राहिला. जोंगाचे उत्पादन १९९९ मध्ये थांबले. परंतु लष्कराने लिलावात काढलेल्या काही जोंगा आजही हौशी मालकांनी जपून ठेवल्या आहेत. अशा जुन्या गाडीच्या मालकाची मिस्त्रीकडे नेहमीची तक्रार एकच असते : “गाडी आवाज करते.”

एवढ्या माहितीवर मिस्त्रीला काहीच करता येत नाही. मराठीत आवाजांना शब्दांची वाण नाही. टिकटिक, किणकिण, खडखड, ठकठक हे चार वेगळे आवाज आहेत आणि गाडीत त्यांची कारणेही बहुधा वेगळी असतात. म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी आवाज कसा येतो आणि केव्हा येतो, हे नीट सांगता आले पाहिजे. ते न सांगता आल्यामुळे निष्कारण इंजिन उघडले जाते आणि मालकाच्या खिशाला भुर्दंड पडतो.

पहिली कसोटी अगदी सोपी आहे. गाडी जागेवर उभी करून इंजिन चालू ठेवावे. आवाज थांबला आणि खड्ड्यातून जाताना पुन्हा आला, तर दोष बहुधा चाकांकडील झिजलेल्या बुशात किंवा सैल झालेल्या शॉकॲब्सॉर्बरमध्ये असतो. गिअर टाकताच एकदाच ‘खट्’ असा आवाज झाला, तर मागील चाकांना गती देणाऱ्या दांड्याचे सांधे पाहावेत. गाडीखाली शिरायचे असेल, तर नुसत्या जॅकवर विसंबू नये. खाली भक्कम आधार द्यावा.

उभ्या गाडीतही आवाज येत असेल, तर तो इंजिनाचा होय. शिवणयंत्रासारखी बारीक, नियमित टिकटिक वरच्या बाजूने येत असेल, तर टॅपेटमधील फट वाढलेली असते. फीलर गेजच्या पातळ पट्टीने ती मोजून स्क्रूने नेमकी करता येते. हे काम थोड्या वेळाचे आणि अल्प खर्चाचे आहे. डिझेल इंजिनाचा, विशेषतः थंडीतल्या पहाटेचा, खडखडाट हा मात्र पुष्कळदा दोष नसून त्या इंजिनाचा स्वभावच असतो.

पेट्रोल इंजिनातील किणकिण अधिक फसवी. जबलपूर-नागपूर रस्त्यावर सिवनीजवळ कुरईचा घाट लागतो. मे महिन्याच्या उन्हात, माणसे आणि सामान भरून, वरच्याच गिअरमध्ये घाट चढू लागले की काचेवर खडे आपटावेत तसा आवाज सुरू होतो. सिलिंडरमध्ये ठिणगीपासून निघालेली ज्योत क्रमाक्रमाने पसरली पाहिजे. तसे न होता कडेचे मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटते. दाबाच्या लाटा धातूवर आदळतात, तोच हा आवाज. हलक्या प्रतीचे इंधन, ठिणगी वेळेआधी पडणे, पिस्टनवर साचलेली काजळी, तापलेले इंजिन ही त्याची कारणे. पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ असली, तर हा दोष हटकून वाढतो. तात्पुरता उपाय म्हणजे गिअर खाली आणून इंजिनावरचा ताण कमी करणे. पुढे मिस्त्रीकडून ठिणगीची वेळ किंचित मागे घ्यावी. नव्या गाड्यांत हे काम संवेदक आणि संगणक करतात.

हा दोष टाळण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याची युक्ती १९२१ मध्ये अमेरिकेत सापडली. इंजिने शांत झाली, पण धुरातून विषारी शिसे हवेत मिसळत राहिले. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले.

सर्वांत गंभीर तो खालून येणारा जड, खोल ठोका. बंद दारावर कोणी मूठ आपटावी तसा हा आवाज येतो आणि इंजिनाच्या गतीबरोबर तो वाढतो. पिस्टनचा जोर क्रँकवर पोचवणाऱ्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजल्याची ही खूण असते. येथे इंजिन तत्काळ बंद करावे आणि प्रथम डिपस्टिक काढून ऑइल पाहावे. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये ऑइलचा केवळ एक पातळ थर असतो. तो तुटला की धातूवर धातू घासतो. ऑइलमध्ये चकाकणारे कण दिसले, तर शंकेला जागा उरत नाही. तरीही “घरापर्यंत तर पोचू” म्हणून गाडी रेटली, तर रॉड तुटून इंजिनाचा ब्लॉक फोडू शकतो. मग काही हजारांत भागणारे काम संपूर्ण इंजिनावर जाते.

दोष सहांपैकी कोणत्या सिलिंडरचा, हे ओळखण्याची एक जुनी रीत आहे. जोंगासारख्या इंजिनात जाणकार मिस्त्री ऑइल पुरेसे असल्याची खात्री करून, क्षणभरच इंजिन मंद चालवतो आणि एकेका प्लगची वायर रोधक पकडीने अलग करतो. ज्या प्लगची वायर काढताच ठोका मंदावतो, त्याच सिलिंडरचा रॉड सैल असतो. कारण स्फोट थांबला की त्यावरचा भारही उतरतो. नव्या गाड्यांत हा प्रयोग करू नये, त्यांची विद्युत यंत्रणा बिघडते. त्यानंतर ऑइलची टाकी उतरवून क्रँकचा झिजलेला भाग मोजला जातो. झीज मर्यादेत असेल, तर नवे बेअरिंग बसवून भागते. क्रँकवर चरे पडले असतील, तर तो घासून त्या मापाची जाड बेअरिंगे घालावी लागतात. काम होईपर्यंत गाडी चालवत नेता येत नाही. ती दोरीने ओढूनच कार्यशाळेत न्यावी लागते.