केंद्रकाच्या भिंतीआड

इंदूरला स्वतंत्र व्यवसाय सुरू करून मला दोन-तीन वर्षेच झाली होती. बारशाच्या दुसऱ्या दिवशी एक बाळ आणले गेले. दूध ओढीत नव्हते, मधूनमधून झटके येत होते. रक्तातील जंतुसंसर्ग समजून मी प्रतिजैविके सुरू केली. टाळूजवळ तीन-चार बारीक फोड होते. ते पाहूनही घामोळे म्हणून मी सोडून दिले, ही कबुली येथे देणे प्राप्त आहे.

दुसऱ्या सकाळी फोड वाढले. एकाचा तळ खरवडून गीम्सा रंगाने काचपट्टी तयार केली. आर्नो त्झांक यांनी 1947 साली पुढे आणलेली ही साधी चाचणी. पीसीआर तेव्हा आमच्या हाताशी नव्हते. शेजारच्या पेशी एकमेकींत मिसळून एकच अवाढव्य पेशी झाली होती. तिच्यातील सात-आठ केंद्रके डाळिंबाच्या दाण्यांसारखी परस्परांना दाबून कोनदार झालेली, आतून दुधी काचेसारखी. (नागीणही याच कुळातली, तिची काचपट्टी अशीच दिसते.) निदान हर्पीस.

हा विषाणू केंद्रकाच्या छिद्रातून केवळ आपला डीएनए आत सोडतो. तेथे त्याच्या प्रती वाढू लागल्या की पेशीचे स्वतःचे क्रोमॅटिन कडेला रेटले जाते. पुढचा भाग मला सर्वांत नवलाचा वाटतो. आत तयार झालेले नवे कवच सुमारे 125 नॅनोमीटरचे असते. ते त्या छिद्रातून मावत नाही. मग विषाणू किनेज विकरांकरवी लॅमिन प्रथिनांची आतली जाळी सैल करवतो, आतल्या पटलाचे वेष्टन पांघरतो आणि ते बाहेरच्या पटलाशी टाकून निघतो. दाराने आत, आणि जाताना भिंत पोखरून! पेशीपृष्ठावर उमटलेली त्याची ग्लायकोप्रथिने शेजारच्या पेशींना जोडून घेतात. माझ्या काचपट्टीवरची महाकाय पेशी ती हीच.

असायक्लोव्हिर प्रामुख्याने बाधित पेशीतच कार्यान्वित होते, कारण त्याला जागे करणारे विकर विषाणूचेच असते. मेंदूच्या संसर्गात आज ते शिरेतून प्रतिकिलो 60 मिलिग्रॅम रोज, तीन मात्रांत, किमान 21 दिवस देतात. मात्र पोखरली गेलेली चेतापेशी त्याने परत येत नाही. माझा एक दिवस वाया गेला होता.

"डॉक्टरसाहेब, हे आलं कुठून?" आईने विचारले. शेजारी उभ्या असलेल्या आजींच्या ओठाच्या कोपऱ्यात वाळलेली खपली होती. बहुतेक नवजातांना हा संसर्ग प्रसूतीच्या वेळीच होतो, निश्चित सांगता येणार नाही, असे मी म्हणालो. ते खरेही होते. आजींनी पदर तोंडाशी धरला आणि त्या बाहेर गेल्या.

बाळ वाचले. उजवा हात आखडलेला राहिला. मुलगा डाव्या हाताने लिहायला शिकला.