देवमाशाच्या घोट्याचे हाड



भिवंडीच्या खाडीकाठच्या एका गावात भातपिकाची बैठक होती. करपा, तुडतुडे, खताची मात्रा हे विषय संपले. तेव्हा मागे बसलेल्या एका बारावीच्या मुलीने विचारले, "साहेब, दगडातली देवमाशांची हाडं शोधायची नोकरी असते, हे खरं का?" तिचे वडील चटकन म्हणाले, "दगड फोडायला शिक्षण कशाला? आपल्याकडं खदानी काय कमी आहेत?" सगळे हसले. मुलगी गप्प बसली. मीही घड्याळाकडे पाहून अर्धवट उत्तर दिले. ते आज पुरे करतो.

गुरांचा भाऊबंद

देवमासा हा मासा नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्या. तो फुप्फुसाने श्वास घेतो. त्याची मादी पिलाला जन्म देते व दूध पाजते. डॉल्फिनही त्याच कुळातला. जून २०१५ मध्ये रेवदंड्याला आणि जानेवारी २०१६ मध्ये जुहूला असे अजस्र देवमासे किनाऱ्याला लागले होते. ते तुमच्यापैकी काहींनी पाहिलेही असतील.

तुमच्या गोठ्यातल्या शेळीच्या मागच्या पायात घोट्याचे एक छोटे हाड असते. त्याच्या दोन्ही टोकांना विहिरीवरच्या कप्पीसारखी खाच असते. गाय, शेळी, हरीण, डुक्कर या दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांची ही खूण आहे. २००१ साली पाकिस्तानात सापडलेल्या, पाय असलेल्या प्राचीन देवमाशांच्या घोट्यातही नेमके असेच हाड असल्याचे जाहीर झाले. देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चालत होते आणि ते आपल्या गुरांच्या भाऊबंदांपैकी होते, असा त्याचा अर्थ. आजच्या देवमाशाच्या पोटातही गुरांप्रमाणे अनेक कप्पे असतात.

कच्छचा समुद्र

या शोधात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. आज रखरखीत असलेल्या कच्छच्या पश्चिम भागात सुमारे साडेचार कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्र होता. तिथल्या हारुडी गावाजवळच्या खडकांतून अशोक साहनी व व्ही. पी. मिश्रा यांनी १९७२ आणि १९७५ साली प्राचीन देवमाशांच्या जाती उजेडात आणल्या. पुढे सुनील बाजपेयी यांनी हे काम चालवले. हिमाचलातील सुबाथूच्या खडकातला एक फार जुना देवमासा १९९८ साली, तर कच्छमधला लांब शेपटीचा लहानसा देवमासा २००० साली त्यांनी सहकाऱ्यांसह जगापुढे मांडला.

जपून ठेवलेले दगड

ए. रंगा राव नावाच्या भूशास्त्रज्ञांनी जम्मूतील कालाकोट येथून हाडांचे दगड गोळा केले होते. त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नीने ते दगड टाकून दिले नाहीत. पुढे त्यांनी ते अमेरिकेतील हान्स थेविसन यांच्या हवाली केले. तिथे साफसफाई करताना एक कवटी चुकून फुटली आणि आतले कानाचे हाड दिसले. ते हुबेहूब देवमाशाच्या कानासारखे होते! २००७ साली थेविसन, बाजपेयी व इतरांनी ते जाहीर केले. 'इंडोह्यस' हा प्राणी मांजराएवढा होता आणि आपल्या सह्याद्रीतल्या पिसोरीसारखा दिसत असावा. एका बाईने अडगळ म्हणून ते दगड बाहेर फेकले असते, तर हा दुवा कदाचित हातचा गेला असता.

आपल्या महाराष्ट्रातही असा चिकाटीचा माणूस आहे. नागपूरला भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेले धनंजय मोहबे यांनी गुजरातमधील डायनासोरच्या घरट्याचे जीवाश्म १९८०च्या दशकात शोधले. त्यात साप असल्याचे पुढे ध्यानात आले आणि २०१० साली ते जाहीर झाले.

आपल्या खदानीत का नाही?

भिवंडीचा काळा पत्थर हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तेव्हा देवमासे जन्मालाच आलेले नव्हते. म्हणून शोधायचे तर कच्छला जावे लागते. तिथे उन्हात मैलोगणती चालायचे, हाड दिसले की प्लॅस्टरमध्ये बांधून आणायचे, मग सुईने महिनोन्महिने दगड खरवडायचा. खदानीतल्या घणाचे हे काम नव्हे.

वाट कोणती?

बारावी विज्ञान, मग भूशास्त्रात बी.एस्सी. व एम.एस्सी. त्यानंतर दोन वाटा. केंद्रीय लोकसेवा आयोगाची भूवैज्ञानिकांची परीक्षा देऊन सर्वेक्षण खात्यात जाता येते. नाहीतर नेट परीक्षेतून शिष्यवृत्ती मिळवून पीएच.डी. करावी आणि विद्यापीठात, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत किंवा लखनौच्या बीरबल साहनी संस्थेत संशोधन करावे. या कामाच्या जागा थोड्या आहेत, हे लपवत नाही. पण भूशास्त्राची पदवी फुकट जात नाही. भूजल, खाणी, धरणे यांनाही भूशास्त्रज्ञ लागतात.

तेव्हा त्या मुलीच्या वडिलांना माझे सांगणे एवढेच : दादा, आंब्याचे कलम लावल्यावर आपण चार-पाच वर्षे फळाची वाट पाहतोच ना? पोरीलाही तेवढी मुदत द्या.

आणि सर्वांना एक विनंती. विहीर किंवा शेततळे खोदताना दगड झालेले हाड, दात किंवा शिंपला दिसला तर फोडू नका. जागा आणि खोली वहीत लिहून ठेवा आणि जवळच्या महाविद्यालयातील भूशास्त्राच्या प्राध्यापकांना कळवा. तोवर ती वस्तू घरात नीट जपून ठेवा.