कुकडीकाठचा दूरदेशीचा पाहुणा

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात ओकोटोक्स गावाजवळच्या सपाट माळावर एक प्रचंड दगड आहे. वजन सुमारे १६,५०० टन. रॉकी पर्वतातला कडा हिमनदीवर कोसळला आणि सरकत्या बर्फाने तो शेकडो किलोमीटर दूर आणून सोडला. आज त्याला कायद्याचं संरक्षण आहे.

जुन्नर-आंबेगावात असा दगड मिळायचा नाही. इथला काळा पाषाण जागच्या जागी थिजलेल्या लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हिमयुगातही सह्याद्रीवर हिमनद्या नव्हत्या. महाराष्ट्रात बर्फाच्या खुणा पाहायच्या तर चंद्रपूर जिल्ह्यात इरईला जावं लागतं. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीच्या हिमनदीने तिथल्या चुनखडकावर ओढलेले चरे भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांनी १८७०च्या दशकातच नोंदवले होते.

पण दुरून आलेला पाहुणा नारायणगावच्या परिसरातही आहे. बोरी बुद्रुकच्या शिवारात, कुकडीच्या काठी, गाळाच्या थरांमध्ये करड्या-पांढऱ्या राखेचा थर दिसतो. ही चुलीतली राख नव्हे, ज्वालामुखीची काच आहे. बुडबुडे फुटून झालेल्या तिच्या कपच्या इतक्या बारीक की सूक्ष्मदर्शकाखालीच ओळखू याव्यात. आपल्या बेसाल्टमध्ये सिलिकाचं प्रमाण निम्म्याच्या आसपास असतं, या काचेत ते तीन चतुर्थांशांहून अधिक. म्हणजे ही राख इथली नाही.

मग कुठली? सुमात्रा बेटावरच्या टोबाची. सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी तिथे झालेला उद्रेक गेल्या वीस लाख वर्षांतला सर्वांत मोठा मानतात. त्यातून उरलेल्या खड्ड्यातलं सरोवर आज जवळपास १०० किलोमीटर लांब आहे. राख वाऱ्यावर तीन हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापून आली आणि सगळ्या रानावर पातळशी पसरली. मग पावसाने ती उतारांवरून खाली धुतली, नदीच्या खोलगटात साठवली आणि वर गाळ चढत गेला. बोरीत थर जाड दिसतो तो यामुळे.

हे उलगडायला वेळ लागला. १९८०च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी या राखेचा अभ्यास सुरू केला. सुरुवातीच्या मापनांत तिचं वय चौदा लाख वर्षांच्या घरात आलं, पुढे पावणेसात लाख निघालं. १९९५ साली काचेच्या रसायनावरून टोबाच्या याच उद्रेकाशी नातं जुळवलं गेलं. ते सगळ्यांना लगेच पटलं नाही, कारण याच गाळात आदिमानवाच्या हातकुऱ्हाडी मिळतात. राखेचं वय बदललं की त्या हत्यारांचा काळही हलतो. म्हणूनच हा थर जिथल्या तिथे राहायला हवा. संग्रहालयातल्या बाटलीभर राखेवरून वर काय होतं, खाली काय होतं, हे पुन्हा तपासता येत नाही.

आणि इथेच आपण कमी पडतो. शिवनेरी आणि लेण्याद्री ही माणसाच्या हातची कामं, त्यांच्या पाठीशी १९५८चा पुरातन वास्तूंचा कायदा आहे. निसर्गाने घडवलेल्या ठेव्यासाठी तितका भक्कम आधार नाही. केंद्राच्या खाण मंत्रालयाने २०२२च्या डिसेंबरात भूवारशाच्या विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला, तेव्हा कुठे या विषयाची चर्चा झाली. आपल्या लोकांनी मात्र स्वतःची एक रीत कधीच शोधली होती. आणे घाटात गुळुंचवाडीचा नैसर्गिक पूल आहे, तिथे मळगंगेचं देऊळ. याच कुकडीवर खाली निघोजला रांजणखळगे आहेत, तिथेही मळगंगाच. देवीच्या पायाशी असलेल्या दगडाला सुरुंग लावायला हात धजत नाही.

बोरीच्या राखेला देऊळ नाही, आणि तिचं मोल नजरेत भरणारंही नाही. नदीच्या पुराने काठ ढासळतो. जमीन सपाट करताना जेसीबीला राख काय आणि माती काय, सारखीच. २०१८ साली जुन्नर पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. त्या नकाशावर बोरी ठळकपणे यावी, थर उघडा दिसतो तो काठाचा पट्टा मोजून हद्दीचे दगड रोवावेत, सातबाऱ्यावर तशी नोंद व्हावी आणि ज्यांच्या शेताला तो लागून आहे त्यांना रीतसर मोबदला मिळावा. ग्रामसभेचा ठराव आणि तहसील कचेरीतली मोजणी, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.