सापांतील वर्णभेद व जातिनिश्चिती

एकाच जातीच्या सापांतील काहींचा रंग अथवा नक्षी त्या जातीच्या नेहमीच्या स्वरूपाहून निराळी असते. अशा सापाची जात ठरविताना रंगापेक्षा खवल्यांची रचना अधिक विश्वसनीय ठरते. रत्नागिरी जिल्ह्यात या प्रश्नाला व्यावहारिक महत्त्व आहे. जांभ्या दगडाचे सडे, आंबा-काजूच्या बागा, भातखाचरे व पूर्वेकडील सह्याद्रीची जंगले या भिन्न अधिवासांत विषारी व बिनविषारी साप माणसाच्या वावराजवळच राहतात.

वर्णभेदाची कारणे : सापाचा रंग त्वचेतील वर्णकोशिकांवर अवलंबून असतो. काहींत काळसर मेलॅनीन, काहींत पिवळी व तांबडी रंजकद्रव्ये असतात, तर काहींतील सूक्ष्म स्फटिक प्रकाश परावर्तित करतात. मेलॅनीन तयार न झाल्यास साप पांढरट वा पिवळसर दिसतो व त्याचे डोळे तांबडे असतात. या वर्णकहीनतेस बहुधा अप्रभावी जनुक कारणीभूत असते. शरीर पांढरे असूनही डोळे काळे असतील, तर ती वर्णकहीनता नव्हे, निराळी विकृती होय. मेलॅनिनाचे प्रमाण वाढल्यास साप काळा होतो. कात टाकण्यापूर्वी सर्वच सापांचा रंग मळकट होतो व डोळे दुधी निळसर दिसतात. ही अवस्था तात्पुरती असते.

काही जातींत वर्णभेद स्वाभाविकच असतो. सह्याद्रीतील मलबारी चापडा हिरवा, पिवळा, तपकिरी वा निळसर करडाही आढळतो. डोळा व नाकपुडी यांमधील खळगा व त्रिकोणी डोके ही त्याची लक्षणे मात्र सर्व रंगांत कायम असतात.

ओळखीची लक्षणे : फुरशाचा रंग तांबूस, तपकिरी किंवा करडा असतो. डोक्यावरील बाणासारखी खूण अस्पष्ट असली, तरी डोक्यावरील बारीक खवले व शेपटीखालील अखंड खवल्यांची एकेरी ओळ यांवरून तो ओळखता येतो. त्याच्यासारख्या दिसणाऱ्या मांजऱ्या सापाच्या डोक्यावर मोठ्या ढाली असतात. मण्यारीच्या पाठीच्या मध्यरेषेवरील खवले मोठे व षट्कोनी असतात; अंगावरील पांढरे पट्टे पुसट असले, तरी हे लक्षण टिकते. बिनविषारी कवड्या सापात असे खवले नसतात. नागाच्या फणीवरील दहाचा आकडा काही प्राण्यांत नसतो. परंतु वरच्या ओठावरील तिसरा खवला डोळ्याला व नाकपुडीच्या ढालीला भिडलेला असतो. धामण ही नागाची मादी असल्याची समजूत निराधार आहे. त्या दोन स्वतंत्र जाती आहेत व धामण बिनविषारी आहे.

खवल्यांवर आधारलेली ही पद्धत भारतीय वैद्यकीय सेवेतील फ्रँक वॉल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सर्वसामान्यांना उपलब्ध करून दिली. तत्पूर्वी १८६२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी मारण्यासाठी बक्षीस ठेवण्यात आले, तेव्हा थोड्याच दिवसांत एक लाखाहून अधिक फुरशी मारली गेल्याची नोंद आहे.

दक्षता : खवल्यांची तपासणी दुरून घेतलेल्या छायाचित्रावरूनच करावी. जिवंत साप त्यासाठी पकडू नये आणि मेलेल्या सापालाही हात लावू नये, कारण डोके तुटल्यानंतरही काही काळ त्याचा दंश होऊ शकतो. विचित्र रंगाचा साप निरुपद्रवी मानणे अथवा दैवी मानून हाताळणे, दोन्ही घातक ठरू शकते. दंश झाल्यास सापाची जात ठरविण्यात वेळ न दवडता रुग्णास रुग्णालयात न्यावे. भारतातील प्रचलित प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषांवर सामाईकपणे वापरले जाते. उपचार मुख्यतः रुग्णाच्या लक्षणांवरून ठरतात. मलबारी चापड्याच्या विषाचा या प्रतिविषात समावेश नसतो, म्हणून सुरक्षित अंतरावरून घेतलेले छायाचित्र असल्यास ते वैद्यांना दाखवणे उपयुक्त ठरते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये बहुतेक सापांना संरक्षण असून दुर्मिळ रंगाचा साप बाळगणेही त्यास अपवाद नाही.