डबा घरीच राहिला!

उंब्रजला तारळी कृष्णेला मिळते. पावसाळ्यात इथल्या माणसाला ‘क्युसेक’ म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. २००५ आणि २०१९ चे महापूर कृष्णाकाठ विसरलेला नाही. नदीतून किती पाणी वाहते, याचे गणित आता संगणकावर मांडतात. ते शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच एक संदेश हमखास भेटतो: अमुक व्हेरिएबल ‘अनडिफाइन्ड’. म्हणजेच, ‘हे नाव मला ठाऊक नाही.’

विद्यार्थी चक्रावतो. आत्ताच तर वर किंमत दिली होती! मग संगणक विसरला कसा?

तो विसरलेला नाही. फंक्शन म्हणजे पिठाची गिरणी समजा. घरात ज्वारीचे पोते भरलेले असले, तरी डबा गिरणीत नेला नाही, तर गिरणीवाला दळणार काय? ऑक्टेव्ह किंवा मॅटलॅबमध्ये प्रत्येक फंक्शनची खोली वेगळी असते. बाहेरचे व्हेरिएबल तिथे आपोआप पोहोचत नाही. फंक्शनला हाक मारताना ते कंसात हाती द्यावे लागते. दळण झाल्यावर पीठ घरी आणावे लागते, तसेच उत्तरही बाहेर एखाद्या नावात साठवावे लागते. ते तसे साठवले नाही, तर पुढच्या ओळीला ते सापडत नाही आणि पुन्हा तोच संदेश येतो.

प्रवाहाचेच उदाहरण घेऊ. आयरिश अभियंता रॉबर्ट मॅनिंग यांच्या नावाचे सूत्र जगभर वापरतात. त्याला चार गोष्टी लागतात: पाण्याच्या छेदाचे क्षेत्रफळ, जलीय त्रिज्या (क्षेत्रफळ भागिले ओल्या तळ-काठांची लांबी), उतार आणि पात्राचा खडबडीतपणा. गुळगुळीत काँक्रीटसाठी हा शेवटचा आकडा सुमारे ०.०१३, तर स्वच्छ, सरळ नदीपात्रासाठी सुमारे ०.०३ धरतात. झाडाझुडपांच्या पात्रात तो आणखी वाढतो.

समजा, फंक्शनला पहिल्या तीन गोष्टी दिल्या आणि खडबडीतपणा द्यायचा राहिला. ऑक्टेव्ह तिथेच थांबतो, न मिळालेले नाव सांगतो आणि ओळ क्रमांकही देतो. फंक्शनची फाइल उघडून नुसतेच ‘रन’चे बटण दाबले तरी हेच होते, कारण तेव्हा एकही डबा दिलेला नसतो.

अशा वेळी क्रमाने पाहावे. नावाचे स्पेलिंग तपासावे. लहान आणि मोठी इंग्रजी अक्षरे इथे वेगळी मानली जातात. ते नाव एखाद्या अटीच्या आत तर जन्मलेले नाही ना? अट पूर्ण झाली नाही, तर ती ओळ चालतच नाही. मग कंसात सर्व गोष्टी दिल्या का आणि योग्य क्रमाने दिल्या का, ते पाहावे. डब्यावर घरी काय लिहिले होते, याच्याशी गिरणीवाल्याला घेणे नसते. पहिला डबा तो पहिला, दुसरा तो दुसरा.

घाईत मात्र वेगळाच उपाय सुचतो. खडबडीतपणाला फंक्शनच्या आत काहीतरी किंमत, समजा १, देऊन टाकायची. संदेश गायब! पण उत्तर? क्षेत्रफळ २०० चौरस मीटर, त्रिज्या ४ मीटर आणि उतार ०.०००४ असे उदाहरणादाखल धरू. खडबडीतपणा ०.०३ असेल, तर प्रवाह सुमारे १२ हजार क्युसेक येतो. तो १ धरला, तर जेमतेम साडेतीनशे. नदी दुथडी वाहत असताना कागदावर ओढा! आणि संगणकाची एकही तक्रार नाही.

दुसरी पळवाट म्हणजे सगळी व्हेरिएबल ‘ग्लोबल’ करणे. मग सगळ्यांचे डबे चावडीवर! कोणी कधी काय बदलले, याचा पत्ता लागत नाही. पायथॉन फंक्शनच्या आतून बाहेरचे नाव वाचू देतो, म्हणून तिथे जास्त जपावे लागते. मॅटलॅब आणि ऑक्टेव्हमध्ये ‘आय’ हे नाव किंमत न देता वापरले, तर तक्रार येत नाही. तिथे त्याचा अर्थ आधीच ठरलेला आहे, उणे एकचे वर्गमूळ!

म्हणून काम संपल्यावर एक सवय ठेवावी. आधीची सर्व व्हेरिएबल पुसून प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून चालवावा. काल उरलेल्या किमतींवर तो चालत असेल, तर ते तिथेच उघड होते. मग हाताने सोडवलेले एक छोटे गणित त्याला देऊन उत्तर जुळते का ते पाहावे.

‘हे नाव मला ठाऊक नाही’ म्हणणारा संगणक प्रामाणिक असतो. चुकीच्या आकड्यावर मुकाट्याने उत्तर देणारा प्रोग्रॅम मात्र धोक्याचा. पुराच्या रात्री काठावरच्या घरांनी सामान हलवायचे की नाही, हे अशाच एखाद्या आकड्यावर ठरू शकते.