नाथसागर ते नक्षत्रवाडी : एका योजनेचे कोष्टक

छत्रपती संभाजीनगरात नळाला पाणी येण्याचा दिवस हा घरातील बाकी सर्व दिवसांचा मालक असतो. पाहुण्यांना कधी बोलवावे, गोधड्या कधी धुवाव्यात, गच्चीवरची टाकी कधी उपसावी, हे सारे त्या दिवसाकडे पाहून ठरते, आणि दोन शेजारी जिन्यात भेटले की प्रकृतीच्या विचारपुशीच्याही आधी ‘यंदा गॅप किती दिवसांचा?’ हा प्रश्न निघतो. आणि ही स्थिती त्या शहराची, ज्याच्यापासून पन्नासेक किलोमीटरांवर, पैठणला, महाराष्ट्रातील मोठ्या जलाशयांपैकी एक असा, जायकवाडी धरणाचा नाथसागर पसरलेला आहे. उणीव आहे ती धरणापासून घरापर्यंतच्या साखळीची, आणि ही साखळी कशी जुळवावी याचे शास्त्र म्हणजेच प्रकल्प-व्यवस्थापन. म्हणून या विषयाचा विचार परदेशी ग्रंथांतील उदाहरणांवरून करण्यापेक्षा आपल्या नळावरून केलेला बरा.

नाथसागरावरून शहरात पाणी आणणाऱ्या जुन्या वाहिन्या दोन, पहिली ७०० मिलिमीटर व्यासाची आणि दुसरी १४०० मिलिमीटरची. त्या अपुऱ्या पडू लागल्यावर ‘समांतर’ या नावाने ओळखली गेलेली ७९२ कोटींची योजना खासगी भागीदारीत हाती घेण्यात आली व २०१६ मध्ये तो करार रद्द होऊन संपुष्टात आली. पुढे २०१९ मध्ये राज्य शासनाने १६८० कोटींच्या नव्या योजनेस मंजुरी दिली, १२ डिसेंबर २०२० रोजी तिचे भूमिपूजन झाले, आणि केंद्राच्या अमृत २.० अभियानात समाविष्ट होईतो तिची किंमत २७४० कोटींवर गेली. २०२४ साल उलटले तरी या योजनेचे पूर्ण क्षमतेचे पाणी शहराने पाहिले नव्हते.

एवढ्यावरून कोणा एका खात्यास किंवा गुत्तेदारास दोषी ठरवणे सोपे आहे, आणि तसे ठरवणारे पुष्कळ आहेत. मला जे म्हणायचे आहे ते निराळे. आपल्याकडे ज्या दप्तराला ‘योजना’ म्हणतात त्यात नकाशे असतात, अंदाजपत्रक असते, निविदेच्या अटी असतात आणि शेवटी एक मुदत असते. परंतु कोणते काम कोणत्या कामावाचून अडून राहील, हे सांगणारे पान त्यात बहुधा सापडत नाही, किंवा सापडले तर ते मंजुरीपुरते जोडलेले असते व मंजुरीनंतर ते कोणी उघडत नाही.

असे पान कसे दिसते ते एका कामापुरते पाहू. नव्या योजनेत धरणाच्या पात्रात जॅकवेल, म्हणजे पाणी उपसण्याची विहीर, उभी राहायची होती. ती बांधायची तर बांधकामाच्या जागेभोवतीचे पाणी मातीच्या तात्पुरत्या बांधाने अडवून आतील जागा कोरडी केली पाहिजे. पण जायकवाडीचा जलाशय हे १९८६ पासून पक्षी अभयारण्य असल्यामुळे तेथे मातीचा एक डंपर टाकण्याआधीही वन्यजीव विभागाची परवानगी लागते. परवानगी आली तरी पातळी उतरल्याखेरीज बांध टाकता येत नाही, आणि पातळी उतरते ती हिवाळ्याच्या अखेरीस. म्हणजे कामाला सोयीचा हंगाम फेब्रुवारीपासून मृगापर्यंतचा. परवानगीचा कागद चार महिने उशिरा आला तर विलंब चार महिन्यांचा होत नाही. हंगाम हुकला की वर्ष जाते. आणि ज्या वर्षी देवाच्या दयेने पाऊस चांगला पडून धरण १५२२ फुटांच्या पातळीपर्यंत तुडुंब भरते, त्या वर्षी सारा मराठवाडा समाधानाचा निःश्वास टाकत असताना जॅकवेलचा अभियंता मात्र कपाळाला हात लावून बसतो. दुष्काळी मुलखात भरलेले धरण ही जोखीम म्हणून नोंदवणे चमत्कारिक वाटेल, परंतु चांगल्या आराखड्यात ती नोंद असलीच पाहिजे, आणि तिच्यासमोर त्या वर्षी काय करायचे हेही लिहिलेले असले पाहिजे.

आता याच दप्तरातील दुसरे काम घ्या. धरणापासून नक्षत्रवाडीच्या टेकडीवरील जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत सुमारे एकोणचाळीस किलोमीटर लांबीची, २५०० मिलिमीटर व्यासाची, म्हणजे उंच माणूस ताठ चालत जाईल एवढ्या पोकळीची पोलादी वाहिनी टाकायची होती. चर खणणे, तळ समतल करणे, क्रेनने नळ उतरवणे, दोन नळांची तोंडे जुळवून आतून-बाहेरून वेल्डिंग करणे, सांधा तपासणे, चर बुजवणे: हे चक्र पैठण रस्त्याच्या कडेने शेकडो वेळा फिरते. हे काम डोळ्यांना दिसते, मोजता येते, त्याची छायाचित्रे निघतात. त्यामुळे दर बैठकीत ‘इतके किलोमीटर झाले’ हा आकडा सर्वांत आधी सांगितला जातो. कागदोपत्री प्रगतीचा शेकडा खर्चाच्या प्रमाणात काढला तर नळच महाग असल्याने तो शेकडाही प्रसन्न दिसतो. पण केवळ समजुतीसाठी असे धरा की, वाहिनीला चौदा महिने लागतात आणि परवानगी, बांध, जॅकवेल, तिच्यापर्यंतचा पूल, पंप, वीजजोडणी या साखळीला सव्वीस. वाहिनीवरील मजूर दुप्पट करून तुम्ही चार महिने वाचवलेत, तर पाणी किती आधी येईल? एक दिवसही नाही. वाहिनीच्या कामाला बारा महिन्यांची सवड होतीच; ती आता सोळा झाली, इतकेच.

१९५७ च्या सुमारास अमेरिकेतील द्यू पाँ या रसायन कंपनीसाठी मॉर्गन वॉकर व जेम्स केली यांनी सवड नसलेली साखळी शोधण्याची ही पद्धत गणिताच्या शिस्तीत बसवली, आणि पुढच्याच वर्षी त्या देशाच्या नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्रांसाठी तिच्याच जातीची पर्ट पद्धत वापरली. अभियंते तिला क्रिटिकल पाथ म्हणतात. वाळूजच्या कोणत्याही बऱ्या कारखान्यात नवे यंत्र बसवताना ती भिंतीवर टांगलेली दिसेल. तिचे मर्म इतकेच की, सर्व कामांकडे सारखे लक्ष देणे ही निष्पक्षता नसून दिरंगाई आहे. ज्या साखळीला सवड नाही तिच्याकडे सर्वांत वरिष्ठ माणसाने रोज पाहावे, बाकीच्यांकडे पंधरवड्याने पाहिले तरी चालते.

आराखडा तयार करताना सर्वांत अधिक श्रम लागतात ते कामांचे तुकडे पाडण्यास, आणि त्यातही जी कामे आपली वाटत नाहीत ती लिहून काढण्यास. परवानगी हे काम आहे. तिला दिवस लागतात, तिच्यामागे फिरणारा माणूस लागतो, आणि कोष्टकात तिच्या ओळीसमोर खात्याचे नव्हे तर एका व्यक्तीचे पदनाम हवे. ‘मनपा व जीवन प्राधिकरण यांनी संयुक्तपणे पाठपुरावा करावा’ असा शेरा ज्या ओळीसमोर पडला, ती ओळ पुढच्या बैठकीत जशीच्या तशी वाचली जाते. जेथे एका खात्याची वाहिनी दुसऱ्या खात्याच्या रस्त्यालगत जाते, तेथे दोघांचे नकाशे चर खणण्यापूर्वी एका टेबलावर पसरणे हेही दिवस खाणारे काम आहे. पैठण रस्त्याचे रुंदीकरण आणि त्याच्या कडेने जाणारी ही वाहिनी हे याचेच उदाहरण.

आराखडा बदलू नये, असा एक कडक समज आहे. तो खरा नव्हे. खुद्द जायकवाडीचे पाहा. धरण मुळात बीड जिल्ह्यातील जायकवाडी गावाजवळ व्हायचे होते. जागा बदलून ती पैठणला आली, नाव तेवढे मागे राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झालेले हे धरण १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पित झाले. जागा बदलली म्हणून कोणी त्याला फसलेले म्हणत नाही. बदल होणारच, मात्र प्रत्येक बदलाची तारीख, कारण, त्यामुळे वाढलेला खर्च व वाढलेले दिवस, आणि तो मान्य करणाऱ्याची सही मूळ कोष्टकाशेजारी राहिली पाहिजे, मूळ कोष्टक पुसून नव्हे. मुदतवाढीच्या प्रत्येक हुकमाबरोबर जुनी तारीख फाइलीतून नाहीशी होते, आणि मग विलंब किती झाला हे वकिलाला न्यायालयात सांगावे लागते. उच्च न्यायालयाच्या येथील खंडपीठाने या योजनेवर देखरेख ठेवली हे नागरिकांचे भाग्यच. परंतु जे प्रश्न न्यायमूर्तींनी विचारावे लागले, ते दर सोमवारच्या बैठकीत विचारले जाणे हाच आराखड्याचा खरा उपयोग होता.

या शहराला नियोजनाचे वावडे आहे, असेही नाही. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात मलिक अंबरने हर्सूलकडून भूमिगत नहर आणली, ती केवळ उतारावर चालणारी. आणि तिच्यावर जागोजाग विहिरीसारख्या वाटा ठेवल्या, कारण गाळ साचणार व तो काढायला माणूस आत उतरावा लागणार, हे त्याने काम काढतानाच धरले होते. पाणी सुरू झाल्यानंतरचा विचार हा त्या कामाचाच भाग होता.

नव्या योजनेत पाणी सुरू झाल्यानंतरचे हे पान अधिक जड आहे, कारण येथे उतार उलटा आहे: नाथसागराहून नक्षत्रवाडी शंभर मीटरांहून अधिक उंच. योजनेचे रोजचे ३९२ दशलक्ष लिटर पाणी नुसते शंभर मीटर चढवायचे म्हटले, नळातील घर्षण आणि पंपांची झीज मुळीच धरली नाही, तरी दिवसाला एक लाख युनिटांच्या पुढे वीज लागते. ते बिल कोणत्या लेखाशीर्षातून, कोणत्या पाणीपट्टीच्या जोरावर भरायचे, आणि पहिल्या महिन्याच्या बिलावर कोणाची सही असायची, ही ओळ भूमिपूजनाआधीच्या कोष्टकात लिहायची असते.