पावसाची उघडीप मिळाली की चालायला निघा

"डॉक्टर, पावसामुळे फिरणंच बंद झालंय." लोणावळा-मावळात जून ते सप्टेंबर ही तक्रार हमखास ऐकू येते. दोन-तीन दिवस झड लागली की अंग आंबतं, झोप बिघडते, मधुमेहींची साखर वाढू लागते. मग पाऊस थांबल्यावर वाऱ्यात अर्धा तास चाललं की इतकं मोकळं का वाटतं?

शरीरात काय घडतं?

चालताना पोटऱ्यांचे स्नायू पंपासारखे काम करून पायांतलं रक्त वर ढकलतात, त्यामुळे जडपणा कमी होतो. हेच स्नायू रक्तातली साखरही वापरतात. ढगाळ दिवसाचा उजेडसुद्धा घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि झोपेचं वेळापत्रक त्यावर अवलंबून असतं. शिवाय बंद खोलीतल्या दमट, बुरशीच्या हवेऐवजी अरबी समुद्रावरून घाट चढून आलेला ताजा वारा मिळतो.

वाऱ्याने सर्दी होते का?

सर्दी विषाणूंमुळे होते आणि खिडक्या बंद केलेल्या खोलीत ती जास्त पसरते. पण भिजलेल्या कपड्यांत वाऱ्यात थांबू नका. घरी येताच अंग पुसून कोरडे कपडे घाला.

कसं चालावं?

• जाताना वारा समोरून आणि येताना पाठीवर घ्या, म्हणजे घाम आल्यावर गारठा लागत नाही.
• बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग ठेवा.
• शेवाळलेल्या फरशीऐवजी खडबडीत, सपाट रस्ता निवडा. धुक्यात भडक रंगाचे कपडे घाला.
• टायगर पॉइंटच्या कड्याजवळ किंवा भुशी धरण परिसरातल्या वाहत्या पाण्यात जाऊ नका. ३० जून २०२४ रोजी याच परिसरात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाण्याचा लोंढा क्षणात वाढतो.

कोणी जपावं?

दमा असल्यास नाकावर रुमाल बांधा आणि इनहेलर खिशात ठेवा. गार वाऱ्यात रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयावरचा ताण वाढतो. म्हणून हृदयरोग्यांनी जेवणानंतर लगेच किंवा वाऱ्याविरुद्ध चढ चढू नये. मधुमेहींनी अनवाणी चालू नये; परतल्यावर पाय धुऊन बोटांमधली जागा कोरडी करावी आणि जखम नाही ना, हे पाहावं.

डॉक्टरांकडे कधी जावं?

छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, धाप किंवा भोवळ आल्यास तिथेच थांबा आणि १०८ ला फोन करा. साचलेल्या पाण्यातून चालल्यानंतर काही दिवसांत ताप आणि पोटऱ्यांत तीव्र दुखणं सुरू झालं, तर लेप्टोस्पायरोसिसची शक्यता असते. घरगुती उपायांत वेळ घालवू नका. पाण्यातून गेला होतात, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आठवड्याला १५० मिनिटं चालणं पुरेसं आहे. सलग उघडीप मिळाली नाही, तर दहा-दहा मिनिटं चाला. तीही मोजली जातात. पाऊस कोसळतच असेल, तर घरातल्या घरात फेऱ्या मारा. चार महिने खंड मात्र पडू देऊ नका.